ग्योर्डेनला नको

ओमाला विसरायला होतंय हे मला बटाट्यांमुळे कळलं. त्या दिवशी सकाळी तिने दारात बटाट्यांची पिशवी ठेवली. दुपारी अजून एक. संध्याकाळी तिसरी पिशवी घेऊन स्वतःच उभी, चेहऱ्यावर तोच उत्साह, "यंदाचे पहिले आहेत!"

ओमा म्हणजे शेजारीण. जर्मनीत शेजारच्या बाईंना कुणी ओमा, म्हणजे आजी, म्हणत नाही. तोंडावर मी तिला फ्राऊ आणि पुढे आडनाव असंच म्हणते. फोनमध्ये मात्र नंबर 'ओमा' म्हणून सेव्ह केलाय. बर्लिनचं भाडं परवडेना म्हणून मी हाफेल नदीकाठच्या या गावात आले, तेव्हा वाटलं होतं वर्षभर काढू. चार वर्षं झाली. गावात दुकान नाही, शाळेला सुट्टी असली की बसही नीट नाही. आहे ते चर्च, अग्निशमन दलाची शेड आणि ओमाचं अंगण. जन्म १९३८ चा, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

मग एका जानेवारीत ती बर्फावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती जास्तच गोंधळू लागली. हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेने मला विचारलं, "यांच्या वतीने सही कोण करणार?" मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, "मग कोर्टाला कळवावं लागेल."

कोर्ट हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी बेलिफाची मुलगी आहे. बाबांनी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात तीस वर्षं समन्स वाटली. सायकलवर, मग लुनावर, मग हिरो होंडावर. लोक बाबांना लांबून येताना बघून दार लावून घ्यायचे. आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तू कशाला मध्ये पडतेस परक्याच्या?"

पण झालं उलटंच. कोर्टच पायरी चढून आलं.

---

जर्मनीत सगळ्यात खालच्या पायरीवरच्या कोर्टाला आम्ट्सगेरिश्ट म्हणतात. आमच्या गावाचं आम्ट्सगेरिश्ट ब्रांडेनबुर्ग आन डेर हाफेल या शहरात आहे. आपल्या तालुका कोर्टासारखंच म्हणा, पण कामं भलतीच. चोऱ्यामाऱ्या आणि छोटे दावे तर आहेतच. शिवाय जमिनीचं रजिस्टर तिथे, वारसाचे दाखले तिथे, घटस्फोट तिथे.  आपल्याकडे तलाठी, दुय्यम निबंधक आणि कोर्ट यांच्यात विभागलेली कामं इथे एका इमारतीत येतात. आणि ज्या मोठ्या माणसाला स्वतःचे निर्णय घेणं जमेनासं होतं, त्याच्यासाठी कुणीतरी नेमणं, हेही त्याच कोर्टाचं काम. नेमलेल्या माणसाला बेट्रॉयर म्हणतात, म्हणजे काळजी वाहणारा. ओमाने हॉस्पिटलमध्ये माझं नाव सांगितलं होतं म्हणे.

मग कागद सुरू झाले. माझा पोलिसांचा दाखला, माझ्यावर थकीत कर्ज नाही याचा उतारा, नातं नसल्यामुळे एका मार्गदर्शक संस्थेशी करार. डॉक्टरांचा अहवाल, सरकारी समाजसेवकाची घरभेट. आणि शेवटी पत्र आलं की न्यायाधीश प्रत्यक्ष सुनावणीसाठी घरी येतील, अमुक दिवशी, सकाळी साडेदहा.

मला वाटलं पत्र चुकलं असेल. न्यायाधीश घरी?

बरोबर साडेदहाला एक जुनी गाडी आली. साधारण माझ्याच वयाच्या बाई, अंगात झगा वगैरे काही नाही, हातात फाइल. पायपुसण्यावर बुटांचा चिखल काढून त्यांनी बेल वाजवली. ओमाने आदल्या रात्री केस धुतले होते. टेबलावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ आणि चांगल्यातले कप. मी स्वयंपाकघरात थांबते म्हटलं, तर न्यायाधीशबाईंनी ओमाला विचारलं, "ही इथे असलेली चालेल तुम्हाला, की आपण दोघीच बोलूया?" ओमा म्हणाली, असू दे.

आणि मग, बाईंनी अजून काही विचारायच्या आत, ओमाने टेबलक्लॉथची कड घट्ट धरली आणि म्हणाली, "ग्योर्डेनला नको. सगळं चालेल. ग्योर्डेनला नको."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही," त्या म्हणाल्या. "मी त्यासाठी आलेली नाही."

मला काहीच कळलं नव्हतं. मला वाटलं, असेल एखाद्या वृद्धाश्रमाचं नाव.

---

रात्री गूगल केलं. ग्योर्डेन हा ब्रांडेनबुर्ग शहराचाच एक भाग. तिथे मनोरुग्णांसाठी प्रांताची मोठी संस्था होती. नाझींच्या काळात तिथे मुलांसाठी खास विभाग उघडला गेला आणि तिथली कितीतरी मुलं मारली गेली. शहराच्या मध्यभागी, निकोलाईप्लाट्स या चौकाजवळ, जुना तुरुंग होता. १९४० मध्ये तिथे गॅस चेंबर बांधून काही महिन्यांत नऊ हजारांहून जास्त माणसं मारली. वेडसर म्हणून, अपंग म्हणून, उपयोगाची नाहीत म्हणून. ऑक्टोबर १९४० मध्ये ते केंद्र बंद झालं तेव्हा ओमा दोन वर्षांची होती. तिला त्यातलं काही आठवणं शक्य नाही. पण लहानपणी मोठी माणसं एकमेकांशी कुजबुजत बोलतात ते मुलांच्या कानात राहतं. आमच्याकडे 'येरवड्याला पाठवीन' म्हणून दटावायचे. आपल्याला ते हसण्यावारी नेता येतं.

वाचता वाचता एक नाव समोर आलं आणि मी झोपायचं विसरले. लोथार क्रायसिग. काम: न्यायाधीश. कोर्ट: आम्ट्सगेरिश्ट, ब्रांडेनबुर्ग आन डेर हाफेल. विभाग: पालकत्व. म्हणजे त्याच कोर्टाचा तोच विभाग, जिथून आमच्याकडे गाडी आली होती.

क्रायसिग सॅक्सनीतले, जन्म १८९८ चा. आधी खेम्निट्सच्या वरच्या कोर्टात होते. तिथून १९३७ मध्ये ते या खालच्या कोर्टात आले, कारण त्यांना शेती करायची होती. ब्रांडेनबुर्गजवळ होहेनफेर्शेझार नावाच्या खेड्यात त्यांनी जमीन घेतली. करिअरच्या हिशेबाने ही माघारच. आजच्या भाषेत डाऊनशिफ्टिंग म्हणा. माणूस श्रद्धाळू ख्रिस्ती, नाझींच्या ताब्यातल्या चर्चच्या विरोधातला, त्यामुळे वरिष्ठांच्या डोळ्यात आधीच खुपत होता.

पालकत्वाचा न्यायाधीश म्हणजे शेकडो मतिमंद आणि मनोरुग्ण माणसांचा कायद्याने रखवालदार. १९४० च्या उन्हाळ्यात त्यांच्या टेबलावरच्या फायलींमध्ये एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. त्यांच्या देखरेखीखालच्या माणसांच्या मृत्यूची पत्रं येत होती. एकामागून एक. त्यांनी दोन आणि दोन चार केले. ८ जुलै १९४० रोजी त्यांनी थेट न्यायमंत्री फ्रान्त्स ग्युर्टनरना लिहिलं, की माझी माणसं मारली जात आहेत असा मला संशय आहे आणि हे बेकायदेशीर आहे. एवढ्यावर थांबले नाहीत. या योजनेचा एक प्रमुख, हिटलरच्या खास कार्यालयाचा फिलिप बूलर, याच्यावर त्यांनी खुनाची फिर्याद दिली. आणि ज्या ज्या संस्थांमध्ये त्यांची माणसं होती, त्यांना आदेश काढला, की माझ्या संमतीशिवाय एकालाही इथून हलवायचं नाही.

हा शेवटचा आदेश मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात क्रांती वगैरे काही नाही. एका खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाने आपल्या अधिकारात काढलेला कारकुनी कागद आहे तो. बाबांनी असले हजार कागद वाटले असतील.

नोव्हेंबरमध्ये मंत्र्यांनी त्यांना बर्लिनला बोलावून हिटलरच्या सहीच्या पत्राची प्रत दाखवली. म्हणजे, बघ, वरून हुकूम आहे. क्रायसिगांचं म्हणणं असं की असल्या पत्राने अन्यायाचा कायदा होत नाही. मंत्री म्हणाले, फ्युररची इच्छा हाच कायदा हे मान्य नसेल तर तुम्हाला न्यायाधीश राहता येणार नाही. डिसेंबर १९४० मध्ये त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि मार्च १९४२ मध्ये निवृत्त केलं. ते होहेनफेर्शेझारला शेती करत राहिले. त्या शेतावर त्यांनी दोन ज्यू बायकांना लपवून ठेवलं. छळछावणीत गेले नाहीत, फाशी झाली नाही. युद्धानंतर चर्चच्या कामात शिरले, १९५८ मध्ये 'आक्ट्सिओन ज्युनेत्साइखेन' ही प्रायश्चित्ताची चळवळ सुरू केली. तिच्यातर्फे आजही जर्मन तरुण वेगवेगळ्या देशांत जाऊन सेवा करतात. १९८६ मध्ये वारले.

या हत्यांना असा लेखी विरोध करणारे ते एकमेव जर्मन न्यायाधीश म्हणून ओळखले जातात. एकमेव. हजारो न्यायाधीशांमधले. मला त्यांच्या धैर्यापेक्षा हा शब्द जास्त छळतो. कारण बाकीच्यांनाही मृत्यूची पत्रं येतच असणार. त्यांनी ती फाइलला लावली असतील, जावक क्रमांक टाकला असेल, प्रकरण बंद केलं असेल.

---

म्हणून या कोर्टाबद्दल फार भाबडं लिहायला मन धजत नाही. त्याचा इतिहास बराच मागे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रशियाच्या खेड्यांत न्याय ही जमीनदाराची मालमत्ता होती. ज्याची जमीन, त्याचंच कोर्ट, न्यायाधीशही त्यानेच नेमलेला. वेठबिगार कुळाने मालकाविरुद्ध दाद मागायची ती मालकाच्याच माणसाकडे. १८४९ मध्ये ते बंद झालं. जर्मनी एक झाल्यावर १८७७ चा कायदा आला आणि १ ऑक्टोबर १८७९ पासून देशभर एकाच नमुन्याची आम्ट्सगेरिश्टं सुरू झाली. (आपला मुंबई दिवाणी न्यायालय कायदा १८६९ चा, म्हणजे बाबांचं कोर्ट दहा वर्षांनी थोरलं.) ३०० मार्कांपर्यंतचे दावे, किरकोळ गुन्हे, आणि गुन्ह्यांच्या खटल्यात न्यायाधीशाच्या दोन्ही बाजूंना दोन साधे नागरिक. शेतकऱ्याला आपला न्याय एका दिवसात जाऊन-येऊन मिळावा, ही कल्पना मला फार आवडते.

पण १९३४ पासून याच आम्ट्सगेरिश्टांना जोडून 'वंशआरोग्य न्यायालयं' बसली. बाकावर तिघे: आम्ट्सगेरिश्टचा एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. त्यांच्या निकालांवरून सुमारे चार लाख माणसांची जबरदस्तीने नसबंदी झाली. तिथे रीतसर अर्ज होते, तारखा होत्या, अपील होतं. हुकूम शिक्क्यासहित मिळत होता. आपण म्हणतो, प्रक्रिया पाळली की अन्याय होत नाही. तिथे अन्यायच प्रक्रियेने झाला.

पूर्व जर्मनीत १९५२ मध्ये आम्ट्सगेरिश्टं मोडून जिल्हा कोर्टं केली गेली आणि प्रौढांच्या पालकत्वाचं काम सरकारी नोटरीकडे गेलं. जमिनीची रजिस्टरंही कोर्टाकडून काढून घेतली. जुनी रजिस्टरं पुढे एल्बं नदीकाठच्या बार्बीच्या राजवाड्यात रचून ठेवली. भिंत पडल्यावर आपल्या आजोबांची जमीन शोधणारी माणसं त्या ढिगाऱ्यांकडे वळली. ब्रांडेनबुर्ग राज्यात १ डिसेंबर १९९३ पासून आम्ट्सगेरिश्ट पुन्हा आलं. दरम्यान १९९२ मध्ये कायदा बदलला होता. तोवर कोर्टाच्या एका शिक्क्यासरशी मोठं माणूस कायद्याने मुलासारखं व्हायचं, त्याचं मतही जायचं. तो शिक्काच रद्द झाला. आता माणूस मोठंच राहतं. फक्त जिथे जमत नाही तिथे, तेवढ्यापुरता, मदतनीस.

'तेवढ्यापुरता' म्हणजे काय ते मी ओमाच्या टेबलावर बघितलं.

न्यायाधीशबाई एकेक विषय घेत होत्या. डॉक्टरांशी बोलायला हिने चालेल? ओमा हो म्हणाली. घराचं, मदतनीस लावण्याचं? हो. बँकेचं? ओमा म्हणाली, पैशाचं कुणाला काय करायचंय. बाई म्हणाल्या, बिलं थकली तर? ओमा गप्प. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा ना, मला संध्याकाळी मीटिंग आहे. बाई थांबल्या. खरंच नुसत्या थांबल्या. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. दोन मिनिटं झाली असतील, मला वीस वाटली. मग ओमा म्हणाली, "बिलं हिने भरावीत. पण माझी पत्रं मी फोडणार." बाईंनी तसंच लिहून घेतलं. टपाल उघडण्याचा अधिकार वेगळा, स्पष्ट लिहून द्यावा लागतो. माझ्या नेमणूकपत्रात तो नाही.

"आणि हीच का हवी?" बाईंनी शेवटी विचारलं.

ओमाने माझ्याकडे बघितलं. "ती बटाट्यात पिवळं काहीतरी घालते," म्हणाली. "पण दार उघडते."

---

आता जे लिहायचं टाळत होते ते.

मी एकोणीस वर्षांची होते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, तेव्हा कोण आलं कोण गेलं कळत नव्हतं. मला ती कधी तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. आजोबांच्या जमिनीत तिचा हिस्सा होता. काका म्हणाले, आईचं हक्कसोडपत्र करून घेऊ, पुढे कटकट नको. आत्याने तिचं आधीच करून दिलं होतं, माहेर तुटू नये म्हणून. कुणी दुष्ट नव्हतं. कुणी भांडलंही नाही.

मला सोबत नेलं कारण आजी माझं ऐकायची. जीपमध्ये मी तिला शिकवलं, "साहेब विचारतील, मान्य आहे का. तू हो म्हणायचं." ती म्हणाली, "जत्रेला चाललोय ना?" मी म्हटलं, "हो, आधी हो म्हण, मग जत्रा." ऑफिसात गर्दी होती. कॅमेऱ्यासमोर तिचा पदर मी नीट केला. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मान्य आहे का आजी?" ती माझ्याकडे बघून हो म्हणाली. तिचा अंगठा मीच धरून टेकवला. तिच्या हाताला मशेरीचा वास होता. सगळं मिळून दोन मिनिटांच्या आत झालं.

बाबा तिथेच उभे होते. ज्या माणसाने आयुष्यभर दारोदार जाऊन लोकांना 'तुमचं म्हणणं मांडायला हजर राहा' असे कागद दिले, तो माणूस.

बाहेर आल्यावर आजीने विचारलं, जत्रा कुठाय. आम्ही तिला उसाचा रस पाजला.

ओमाच्या सुनावणीनंतर मी बाबांना फोन केला. न्यायाधीश घरी आल्याचं सांगितलं. त्यांना फार कौतुक वाटलं. त्यांचे प्रश्न सगळे कामाचे: गाडी सरकारी का स्वतःची? भत्ता मिळतो का? शिपाई सोबत नव्हता? मग मी ती दोन मिनिटांची गोष्ट सांगितली. ओमा बोलेपर्यंत बाई कशा थांबल्या ते. पलीकडे शांतता झाली. मला वाटलं, रेंज गेली.

"आपल्याकडे एवढा वेळ कुणाला असतो," बाबा म्हणाले. आणि जरा वेळाने, "तुझ्या आजीला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती गं?"

मला माहीत नाही, मी म्हटलं. जत्रेला चला म्हणाली असती.

ते हसले नाहीत. फोन आईकडे दिला.

---

नेमणूकपत्र घ्यायला ब्रांडेनबुर्गला गेले तेव्हा ते रेष्ट्सफ्लेगरने दिलं. हा कोर्टातला मधला अधिकारी. न्यायाधीश नाही, पण कारकूनही नाही, माझ्यावर लक्ष ठेवणारा तोच. त्याने बजावलं: ओमाचं घर विकायचं तर कोर्टाची परवानगी. ती उद्या नर्सिंग होमला गेली आणि तिथे रोज रात्री पलंगाला कठडा लावायचा म्हणाले, तर माझ्या सहीने भागणार नाही, न्यायाधीशाची मंजुरी लागेल. पलंगाच्या कठड्याला. मला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

परत येताना निकोलाईप्लाट्सला उतरले. जुन्या तुरुंगाच्या जागी आता स्मृतिस्थळ आहे. एक शाळेची सहल आली होती. मुलं शिक्षकांचं ऐकत होती, काही मोबाइल बघत होती. मी थोडा वेळ उभी राहिले. बसची वेळ झाली म्हणून निघाले. चुकली असती तर पुढची दोन तासांनी.

आता वर्ष होत आलंय. ओमा अजून घरीच आहे. सकाळी नर्स येते, दुपारी मी जाते. टपालाचा ढीग तसाच पडतो आणि लाइटबिलाची आठवणपत्रं येतात. मी पाकीट फक्त तिच्यासमोर धरते. चांगल्या दिवशी ती ते सुरीने नीट कापून माझ्या हातात देते. वाईट दिवशी ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावते. मग मी वीज कंपनीला फोन करून रक्कम विचारते. रेष्ट्सफ्लेगरला सांगितलं तर तो म्हणाला, टपालाचाही अधिकार मागा, अर्ज करा, न्यायाधीश पुन्हा येऊन त्यांना विचारतील. मी अजून अर्ज केलेला नाही.

वार्षिक अहवाल मात्र या महिन्यात द्यायचाय. त्यात हिशेब आहे, तब्येत आहे, किती वेळा भेटलात ते आहे. शेवटी या सगळ्याबद्दल खुद्द तिचं म्हणणं काय, तेही लिहायचंय. काल तिला ते वाचून दाखवलं. तिने चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा बघितला आणि विचारलं, "हे ग्योर्डेनला जाणार?"

"नाही. कोर्टात. त्या बाई आल्या होत्या ना, त्यांच्या ऑफिसात."

"मग लिही," ती म्हणाली. "बटाट्यात मीठ कमी असतं."

लिहिलंय.